बिनदुधाची पाथरी

पाथरी ओळखायची खूण एकच. पान मोडायचं. मोडलेल्या जागी पांढरं दूध आलं तर ती पाथरी, नाही आलं तर टाकून द्यायची आणि हात धुवायचे. जतच्या माळावर वाढलेल्या कुठल्याही बाईला हे कळतं, त्याला शाळा लागत नाही. माझी शाळा चौथीतच सुटली, पण ही खूण मला त्याआधीपासून ठाऊक होती. तरी मी ती पाळली नाही. का पाळली नाही आणि त्यातून काय झालं, ते आता लिहून ठेवते. ज्यांना राग आला असता ते बहुतेक सगळे गेले.

आम्ही तेव्हा शारजाच्या कडेला राहायचो. आता त्या जागी टायरची दुकानं आणि गॅरेजं आहेत, तेव्हा आमच्या भिंतीपलीकडे सरळ वाळू सुरू व्हायची. दोन खोल्या, मधे अंगण, अंगणात पत्र्याची शेड, तेच स्वयंपाकघर. अण्णा, म्हणजे माझे वडील, खानावळ चालवायचे. बांधकामावरची अठरा माणसं दोन वेळ जेवायला यायची, सगळी आपल्याकडची, सांगली-साताऱ्याची. पहाटे पाण्याचा टँकर यायचा, त्याचा भोंगा वाजला की मी उठायची. मग बांग, मग अण्णांचं खाकरणं, मग स्टोव्हला हवा भरल्याचा आवाज. दिवसभर त्या शेडमध्ये तेल, लसूण आणि रॉकेलचा वास कोंडलेला असायचा. ज्वारीचं पीठ मुंबईहून यायचं आणि येईपर्यंत त्याला कडवट वास लागायचा, म्हणून आई ते दोनदा चाळायची. आमटी, एक भाजी, भाकरी, कांदा. शुक्रवारी मासे, कारण मासे तिथे भाजीपेक्षा सहज मिळायचे. माणसं घमेल्यात हात धुऊन चटईवर ओळीने बसायची आणि पहिला घास पोटात गेल्याशिवाय कुणी बोलायचं नाही.

भाकऱ्या माझ्याकडे होत्या. मी तेरा वर्षांची होते. अण्णांना मी तिथे असणं फारसं पसंत नव्हतं. मुलीची जात, परका मुलूख, अठरा पुरुषांची ये-जा, असं ते म्हणायचे, आणि त्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही. मला जतला आत्याकडे ठेवायचं त्यांच्या मनात होतं. आत्याकडे मी आधी वर्षभर राहिले होते. तिथे मला जेवायला मिळायचं ते सगळ्यांचं झाल्यावर, आणि आत्याचा नवरा चांगला माणूस नव्हता. त्याहून जास्त मी लिहिणार नाही. आईला ते ठाऊक होतं, अण्णांना नव्हतं. त्या हिवाळ्यात माझ्या हातून भाताचं एक मोठं पातेलं करपलं. अण्णांनी ते अंगणात आणून माझ्यासमोर उपडं केलं आणि म्हणाले, "आणखी एक घोटाळा कर, मग पुढच्या बोटीने तू आत्याकडे." ते रागीट होते, आणि बोलले की तसं करायचे. तेव्हापासून एकच धास्ती. भाकरी तव्यावर टाकताना, मिठाला हात लावताना, पाणी ओतताना, काही चुकलं तर पुढची बोट.

त्याच सुमारास शालन झाली. माझ्यानंतर तेरा वर्षांनी, आईला वाटलंच नव्हतं आणखी मूल होईल. आई आतल्या खोलीत बाळंतिणीच्या बाजेवर. सव्वा महिना चुलीला शिवायचं नाही, हा नियम आईने परदेशातही सोडला नाही. त्यामुळे स्वयंपाक अण्णांनी आणि मी करायचा, आणि आईने आतून ओरडून सांगायचं. फोडणी किती झाली ते तिला आवाजावरून कळायचं. पण एक गोष्ट तिच्या हातात नव्हती. दूध येत नव्हतं. शालन ओढायची, रडायची, दमून झोपायची आणि पुन्हा रडायची. हळीव संपले, डिंकाचे लाडू संपले, मुंबईहून येणारं पार्सल आलं नाही. अण्णा म्हणाले, "डबा आणतो पावडरचा. इथे सगळ्या बायका तेच देतात." आईने तोंड फिरवलं. डब्यावर वाढवलेली दोन पोरं तिने माझ्याआधी घालवली होती. तिच्या मते ती डब्याने गेली. खरं काय ते देव जाणे, पण तिला समजावणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

त्याच्या दोन-तीन आठवडे आधी चांगला पाऊस पडून गेला होता. तिकडे पाऊस झाला की वाळू आठवडाभर तशीच पडून राहते, आणि मग एका सकाळी बघावं तर हिरवी. मी आईला म्हटलं, "आई, भिंतीमागं पिवळी फुलं आलीत, पाथरीसारखी दिसतात." आई बाजेवर उठून बसली. आमच्याकडे बाळंतिणीला पाथरीची भाजी देतात, दूध येतं म्हणून. गाई-म्हशींनाही घालतात. "पाथरी? इथं?" म्हणाली. "पान मोडून बघ. दूध निघालं तरच आण. एकेक बघ, मंगे, उगाच ओरबाडू नको." मी हो म्हटलं.

भिंतीला लागून जिथे आमचं धुण्याचं पाणी मुरायचं तिथे खरंच पाथरी होती. जमिनीला चिकटलेली पानं, कातरलेल्या कडा, बारीक देठावर पिवळं फूल. पान मोडलं, दूध आलं. मला इतका आनंद झाला की मी ते दूध चाखून बघितलं. पण होती ती पाच-सहा रोपं, त्यात एका माणसाची भाजी होत नाही. थोडं पुढे वाळूच्या उताराखाली मात्र पिवळंधमक रान होतं. फूल तेवढंच, पिवळं तेच, पानं जरा मांसल आणि कातरलेली. सूर्य वर आला होता. अकराला भाकऱ्या टाकायला घ्यायच्या होत्या आणि अण्णा घड्याळ बघत असणार. मी बसले आणि दोन्ही हातांनी उपटलं. पाव पोतं भरलं. एकही पान मोडलं नाही.

घरात शिरताना आतून आवाज आला, "दूध निघालं का गं?"

"निघालं," मी म्हटलं. पाच-सहा रोपांचं निघालंच होतं.

लसणाची फोडणी, मुगाची डाळ आणि वरून दाण्याचं कूट घालून मी भाजी केली. आईने खाल्ली आणि म्हणाली, "कडू आहे जरा. इथल्या पाण्याचा गुण असेल." दुसऱ्या दिवशी पुन्हा केली, दोन्ही वेळ. खानावळीतल्या जाधव मेस्त्रीने वास घेऊन विचारलं, "मंगे, मालकिणीला काय स्पेशल चाललंय? आम्हाला रोज दुधीच?" मी वाटीभर दिली. त्याने दोन घास खाऊन वाटी सरकवली. "ही भाजी आहे का शिक्षा? राहू दे बाई, माझं दूध आहे तेवढं पुरे." सगळे हसले, मीही हसले. आणि गंमत म्हणजे आईला दूध आलं. भाजीने आलं, की ती येईल असं मनात धरून बसली होती म्हणून आलं, मला माहीत नाही. शालन पहिल्यांदा पोटभर प्याली आणि चार तास झोपली. अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तशी थाप त्यांनी मला आयुष्यात दोनदाच मारली, त्यातली ही पहिली.

तिसऱ्या सकाळी मी आणखी आणायला गेले. उम्म हमदच्या शेळ्या त्या उतारावर चरत होत्या. उम्म हमद म्हणजे आमच्या मागच्या बाजूला राहणारी म्हातारी, काळे कपडे, तोंडावर तिकडच्या बायका घालतात तो सोनेरी झाक असलेला मुखवटा, हातात काठी. शेळ्यांनी तो उतार साफ केला होता. गवत नाही, कसलं पान नाही, काट्याचे शेंडेसुद्धा खुडलेले. फक्त माझी पिवळी फुलं जशीच्या तशी उभी. शेळ्या त्यांच्यामधून वाट काढून पलीकडचं काहीतरी खात होत्या. मी बघत उभी राहिले. मग खाली बसून एक पान मोडलं. कोरडं. दुसरं मोडलं, देठ मोडला, मुळाशी मोडलं. हिरवं पाणी तेवढं बोटाला लागलं. मग फूल नीट बघितलं. शेवंतीला असतो तसा मधे भरीव गोल डोळा आणि भोवती पाकळ्या. पाथरीच्या फुलाला असा डोळा नसतो, नुसत्या पाकळ्यांवर पाकळ्या असतात. हे मला आधीही दिसलं असतं. मी बघितलंच नव्हतं.

गेल्या फेब्रुवारीत शारजाजवळच्या हमरियाला, माझ्या मुलाच्या मसाल्याच्या कारखान्यामागे, हेच फूल उगवलेलं दिसलं. नात तिच्या घरून, अल रीमहून, आली होती, तिने फोन धरला. "आज्जी, सेनेसिओ. डेझी फॅमिली." मी तिला भिंतीकडेची पाथरी दाखवली, तिच्यावरही फोन धरायला लावला. "सेम फॅमिली, आज्जी. दे आर लाइक कझिन्स." मी विचारलं, खाल्लं तर काय होतं ते सांगतो का तुझा फोन? तिने वाचलं. मग म्हणाली, "इट्स बॅड फॉर द लिव्हर. व्हाय, डिड यू ईट इट?" मी म्हटलं, मी नाही खाल्लं.

त्या सकाळी माझ्याकडे फोन नव्हता, उम्म हमद होती. मी एक रोप मुळासकट घेऊन तिच्या दारात धावत गेले. मला विचारायचं होतं, याच्यात दूध असतं का. माझं अरबी म्हणजे बकाल्यात, किराणाच्या दुकानात, ऐकलेले पंचवीस शब्द. मी म्हटलं, "फी हलीब?" म्हणजे दूध आहे? म्हातारीने माझ्याकडे बघितलं, माझं तोंड रडवेलं, आमच्या घरातलं बाळ रडताना तिने ऐकलेलंच. "ईवा, फी. बेबी माल?" म्हणाली, म्हणजे हो, आहे, बाळासाठी ना, आणि आत गेली. मी "ला, ला", नाही नाही, म्हणत उभी. ती बाहेर आली ती शेळीच्या दुधाचा वाडगा घेऊन. माझ्या एका हातात तिने वाडगा दिला आणि तेव्हा तिला दुसऱ्या हातातलं रोप दिसलं.

"शू हादा?" हे काय म्हणून तिने विचारलं.

मी रोप दाखवलं, तोंडाकडे हात नेला, आई म्हटलं, "उम्मी, खाना. दो दिन."

तिने रोप माझ्या हातातून काढून भिरकावलं, चांगलं नाही हे म्हणून. "मब झेन. मब झेन. बकरी नहीं खाता, तुम खाता?" हिंदी तिला चांगलं यायचं, आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त वर्षं ती हिंदी लोकांमध्ये होती. मग तिने सांगितलं की दुष्काळात एकदा तिच्या शेळ्यांनी हे खाल्लं. पोटं फुगली, डोळे पिवळे झाले. एका दिवसात नाही, हळूहळू. "खलास," म्हणाली. मी विचारलं, पिल्लं? शेळीचं दूध पिणारी पिल्लं? तिने काठीने मला घराकडे ढकललं, जा म्हणून. "रूह. यल्ला, रूह."

वाडगा सांडू नये म्हणून मला पळताही येत नव्हतं. त्या दोनशे पावलांत मी काय काय योजलं ते मला अजून आठवतं. पोतं लपवायचं. आईला सांगायचं, पाथरी संपली. सांगायचं की उम्म हमद म्हणाली बाळाला शेळीचं दूध द्या, त्यांच्याकडची रीत आहे. खरं न सांगता आईचं पाजणं कसं थांबवता येईल, एवढाच विचार. बाळाची काळजी होतीच, पण बोटीची भीती तिच्या पुढे होती. हे लिहायला मला आवडत नाही, पण तसं होतं.

खोलीत गेले तर आईने शालनला नुकतंच पदराखाली घेतलं होतं. शालन ओठ हलवत दूध शोधत होती.

"आई, पाजू नको," मी म्हटलं.

"का?"

"दूध निघालं नव्हतं. पानाचं. मी मोडून बघितलं नाही."

आईने शालनला बाजूला ठेवलं. शालन किंचाळायला लागली. आईने मला मारलं नाही, विचारलंही नाही की मग हो कशाला म्हणालीस. ती बाजेवरून उतरली, भिंतीला धरून अंगण ओलांडलं आणि बाविसाव्या दिवशी चुलीपाशी आली. "पोतं ओत," म्हणाली. फरशीवर सगळी भाजी पसरली आणि ती एकेक रोप उचलून मोडायला लागली. दूध आलं ते डाव्या हाताला, नाही आलं ते उजव्या. "हे बघ," म्हणाली, "हिला डोळा आहे. हिला नाही. हिचं पान जाड आहे, बोटाखाली भरतं. बघितलंस?" तिचा आवाज अगदी साधा होता. डावीकडे मूठभर जमलं, उजवीकडे ढीग. मग तिने शेळीचं दूध पाणी घालून उकळायला लावलं आणि कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब शालनला पाजलं. ते होईपर्यंत मी तिथेच उभी. शेवटी ती म्हणाली, "अण्णांना मी सांगते. तू बोलायचं नाहीस. कळलं?"

अण्णांनी कुणाचीतरी पिकअप आणली आणि आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई केरळच्या होत्या. आईने वर्तमानपत्रात गुंडाळून रोप नेलं होतं. बाईंनी ते उलटसुलट बघितलं आणि हिंदीत म्हणाल्या, "मी माणसांची डॉक्टर आहे, गवताची नाही. पण दहा दिवस पाजू नका. बच्ची के आँख देखते रहो. दूध पिळून टाकत जा, नाहीतर सुकेल." मग विचारलं, "हे आणलं कुणी?"

"मीच," आई म्हणाली. "मीच गेले होते. पोरीने नुसती शिजवली."

अण्णा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी तिच्याकडे असं बघितलं की मी खाली बघितलं. बाळंतीण बाई, विसाव्या दिवशी, एकटी, वाळवंटात.

पुढचे दहा दिवस शालन उम्म हमदच्या शेळीच्या दुधावर राहिली, आणि मी ते तिचे डोळे बघण्यात काढले. खोलीतला बल्ब पिवळा होता, त्यात सगळंच पिवळं दिसायचं, माझे हातसुद्धा. म्हणून मी तिला दर थोड्या वेळाने दारात उजेडात न्यायची आणि बोटाने पापणी वर करायची. ती चिडायची. कधी वाटायचं पांढरे आहेत, कधी वाटायचं कडेला पिवळी झाक आहे. नाकावर बोट दाबून सोडायचं आणि कातडीचा रंग बघायचा, हे डॉक्टरीणबाईंनी दाखवलं होतं. मी इतक्यांदा दाबलं की नाक लाल झालं. लंगोट किती ओले झाले ते मोजायची. पोट फुगलंय का ते दर वेळी हात लावून बघायची, आणि बाळाचं पोट तर दूध प्यायल्यावर फुगतंच. आईचंही पोट दुखत होतं, ती सांगायची नाही, पण कूस बदलताना श्वास अडकायचा. जाधव मेस्त्री जेवायला आला की आधी मी त्याचे डोळे बघायची. एकदा तो म्हणाला, "काय गं, माझ्यावर नजर का ठेवतेस? मी लग्न झालेला माणूस आहे." मी तवा घासत राहिले.

कुणाला काही झालं नाही. डॉक्टरीणबाईंनी अकराव्या दिवशी शालनला उघडी करून तपासलं आणि म्हणाल्या, ठीक आहे, आता पाजा. घरी येऊन आईने पाजायला घेतलं. मी दाराशी. शालनने ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं आणि रडायला लागली. आई रोज पिळून टाकायची, पण दिवसागणिक कमी येत होतं हे तिने सांगितलं नव्हतं. त्या दिवशी काहीच आलं नाही. थोडा वेळ तिने आणखी प्रयत्न केला, मग पोलक्याची बटणं लावली. "पाणी तापव," म्हणाली. "अण्णांनी आणून ठेवलेला डबा काढ."

शालन डब्यावर वाढली आणि चांगली धडधाकट वाढली. आज ती पुण्यात आहे, तिला चार नातवंडं आहेत आणि माझ्यापेक्षा चांगले दात आहेत. ते रोप तेवढ्याने काही करणार होतं की नव्हतं, हे मला आजही ठाऊक नाही. फोन म्हणतो वाईट आहे, पण किती खाल्ल्यावर, ते तो सांगत नाही.

पण अण्णांनी ते सोडलं नाही. आठवड्यातून एकदा ते पावडरचा डबा आणायचे आणि माणसं जेवायला बसलेली असताना तो शेडच्या पायरीवर आपटायचे. "हे घ्या," म्हणायचे, "ज्यांनी स्वतःच्या हाताने आटवलं त्यांच्यासाठी." किंवा, "आमच्या मंडळी म्हणजे शेळीपेक्षा शहाण्या." माणसं ताटात बघून जेवायची. आई तोवर बाजेवरून उठली होती, चुलीपाशी आमटी ढवळत राहायची. माझ्याबद्दल मात्र अण्णा मऊ झाले होते. पोर राबते बिचारी, आईच्या मूर्खपणापायी दुप्पट राबते, असं ते लोकांना सांगायचे. आत्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

एका दुपारी त्यांनी फारच लावून धरलं. जतच्या बायकांना अक्कल नसते इथपासून सुरुवात केली आणि आईच्या गेलेल्या दोन पोरांपर्यंत आले. म्हणाले, तीही हिनेच घालवली असतील. अठराच्या अठरा माणसांचे हात थांबले. जाधव मेस्त्री म्हणाला, "मालक, जाऊ द्या." मी थापटत असलेली भाकरी परातीत टाकली आणि उभी राहिले. "अण्णा," मी म्हटलं.

अण्णा वळले. आईने पळी आमटीत सोडली आणि माझ्याकडे बघितलं. बाजेवरून उतरल्यापासून तिने माझ्याकडे तसं सरळ बघितलं नव्हतं. दोघींमध्ये तवा होता.

"मंगे," ती म्हणाली, "तव्यावरची करपतेय. उलट."

करपत नव्हती. मी खाली बसले आणि उलटली.